संशोधन केंद्राचे मोजमाप त्यातून घडलेल्या माणसांवरून व्हावे

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९० च्या दशकाच्या मध्यावर जन्मलेल्या बाळांची मापे जन्मानंतर बहात्तर तासांच्या आत घेतली जात होती. वजन, लांबी, डोक्याचा आणि दंडाचा घेर ही नेहमीची मापे झाली की त्वचेच्या घडीची जाडी मोजणाऱ्या कॅलिपरची पाळी येते. बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या पात्याच्या टोकाखाली, त्वचा आणि तिच्याखालची चरबी अंगठा व तर्जनीच्या चिमटीत हलकेच उचलायची, कॅलिपरचे दोन्ही जबडे त्या घडीवर टेकवायचे आणि काटा स्थिरावला की आकडा वाचायचा. ज्याने हे माप घेतले आहे त्याला ठाऊक असते की बाळ रडते, अंग आक्रसून घेते, शेजारी बसलेल्या आजीची नजर हातावरून हलत नाही, आणि तरीही आकडा मिलिमीटरच्या अंशापर्यंत बरोबर यावा लागतो. चिमूट किती घट्ट धरायची हे पुस्तक वाचून कळत नाही. ज्याचा हात बसलेला आहे त्याच्या शेजारी उभे राहून, त्याच बाळाचे माप त्याच्यामागून घेऊन, दोघांचे आकडे जुळेपर्यंत ते शिकावे लागते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’तून जे निष्पन्न झाले, ते आता जगभरच्या लठ्ठपणाच्या अभ्यासकांना परिचित आहे. आपल्या खेड्यातले पूर्ण दिवसांचे बाळ सरासरी २.७ किलोचे होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टनचे बाळ ३.५ किलोचे. पुण्याचे बाळ जवळजवळ प्रत्येक मापात लहान भरले, स्नायू कमी, पोटाचा घेर कमी. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला हडकुळे आणि आतून चरबी राखून असलेले, असे हे शरीर जन्मापासूनच घडलेले असते. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण डॉ. याज्ञिक यांचे २१.२ टक्के आणि डॉ. युडकिन यांचे ९.१ टक्के होते. वजन आणि उंचीच्या गुणोत्तराने लठ्ठपणा ठरवण्याची जगन्मान्य पद्धत आपल्या शरीराविषयी किती कमी सांगते, हे त्या एका छायाचित्राने सामान्य वाचकालाही समजावले.

या संशोधनाचे महत्त्व सर्वजण मान्य करतात; ते उभे राहायला किती माणसे आणि किती वर्षे लागली, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. ती बाळे पुढे सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासली गेली. त्यांच्या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि ब-१२ कमी पण फोलेट (ब गटातलेच दुसरे जीवनसत्त्व) जास्त अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी चरबी आणि इन्सुलिनचा प्रतिरोध (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणे) अधिक आढळला, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून २०१२ मध्ये याच मुलामुलींना, ते आईबाप होण्यापूर्वीच, ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. म्हणजे एका प्रश्नाचा पाठलाग तीन पिढ्यांपर्यंत करावा लागतो. शास्त्रज्ञाची नोकरी तीस-पस्तीस वर्षांची असते. अशा प्रश्नावर काम करणाऱ्या केंद्राचा संचालक स्वतःच्या हयातीत तो प्रश्न पूर्ण सोडवू शकणार नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले असते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की लठ्ठपणावरील संशोधन केंद्राचे पहिले काम पुढचे स्वतंत्र संशोधक तयार करणे हे आहे, शोधनिबंध आणि पेटंटे त्यामागून येतात, आणि सरकारने अशा केंद्राला पैसा देताना व त्याचे मूल्यमापन करताना हीच मोजपट्टी लावली पाहिजे. आज ती लावली जात नाही.

गेली बावीस वर्षे मी या क्षेत्रात आहे आणि त्यांतली शेवटची नऊ वर्षे एक लहान केंद्र चालवते. त्यामुळे हे लिहिताना मी केवळ निरीक्षक नाही, हे वाचकाने लक्षात घ्यावे.

लठ्ठपणाच्या संशोधनात तरुणांना घडवण्याचा प्रश्न इतर विषयांपेक्षा अवघड आहे, कारण हा विषय एका विद्याशाखेत मावत नाही. १९४९ मध्ये अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत एक अतिशय लठ्ठ उंदीर आढळला. डग्लस कोलमन यांनी त्याच प्रयोगशाळेत दोन उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडून, भूक आवरणारा काहीतरी पदार्थ रक्तातून वाहतो असा निष्कर्ष काढला. तो पदार्थ, म्हणजे लेप्टिन, तयार करणारा जनुक जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात शोधून काढला. उंदरापासून जनुकापर्यंत पंचेचाळीस वर्षे गेली, आणि त्या वाटेवर प्राण्यांची पैदास करणारे, शरीरक्रियाशास्त्राचे आणि रेणवीय जीवशास्त्राचे अभ्यासक एकामागून एक लागले. आपल्याकडे त्यात आहारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, मानवशास्त्रज्ञ आणि गावागावांत फिरणाऱ्या समाजसेविका यांची भर घालावी लागते. जैवरसायनशास्त्रात पीएच.डी. केलेल्या मुलीला अन्नाच्या किमतीचा किंवा सासरी कोण आधी जेवते याचा अभ्यास कुणी शिकवलेला नसतो. तिला एक गाईड पुरत नाही. तिच्या कामाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहणारी तीन-चार अनुभवी माणसे लागतात, आणि त्या माणसांना त्यासाठी राखून ठेवलेला वेळ लागतो.

आपली व्यवस्था हा वेळ कुठेच धरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. संख्येवर मर्यादा घातली हे योग्यच झाले, परंतु त्या आठ जणांना आठवड्याला किती तास मिळाले, याची नोंद प्राध्यापकाच्या कार्यभारात कुणी मागत नाही. कनिष्ठ संशोधकाची अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये झाली, वरिष्ठ संशोधकाची ३५ वरून ४२ हजार. त्याचे स्वागत करताना हेही सांगितले पाहिजे की मंजूर रक्कम आणि हातात वेळेवर पडणारी रक्कम यांत अंतर असते. राज्यातल्या संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी आझाद मैदानात बसावे लागले आहे.

या विलंबाची किंमत मी जवळून पाहिली आहे. आमच्या एका प्रकल्पात दुसऱ्या वर्षाचा हप्ता, तो देणाऱ्या संस्थेकडून, अकरा महिने उशिरा आला. खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र, त्यावरची शंका, तिचे उत्तर, पुन्हा शंका, असा पत्रव्यवहार चालू राहिला. तेवढ्या काळात तीन प्रकल्प साहाय्यकांपैकी दोघे गेले, एक औषध चाचण्या करणाऱ्या कंपनीत आणि दुसरा बँकेच्या परीक्षेकडे. त्या वर्षी आम्हाला बारा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलांची वयात येण्यापूर्वीची तपासणी करायची होती. पैसे नंतर आले, माणसेही नवी मिळाली, पण मुलाचे बारावे वर्ष दुसऱ्यांदा येत नाही. त्या मापांच्या रकान्यांत आजही रिकाम्या जागा आहेत आणि त्या कधीच भरणार नाहीत.

अमेरिकेच्या व्यवस्थेतील एक योजना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. संशोधनाचा पैसा बॉस्टन, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाकडेच वाहतो हे पाहून तिथल्या संसदेने १९९३ मध्ये मागे पडलेल्या राज्यांसाठी एक कार्यक्रम सुरू केला आणि त्यातून २००० पासून ‘कोब्रे’ नावाने ओळखली जाणारी जैववैद्यकीय संशोधन केंद्रे उभी राहिली. केंद्राचा विषय एक असतो, प्रमुख अनुभवी शास्त्रज्ञ असतो, परंतु त्यातले प्रकल्प स्वतंत्र मोठे अनुदान अद्याप न मिळवलेल्या तरुण संशोधकांचे असतात. प्रत्येकाला मार्गदर्शक नेमून दिलेला असतो. तरुणाने आपला किमान निम्मा वेळ त्या प्रकल्पाला द्यावा अशी अट असल्याने विभागप्रमुखाला त्याच्यावर वाटेल तितके वर्ग आणि समित्या लादता येत नाहीत. त्याला स्वतःचे अनुदान मिळाले की तो केंद्रातून उत्तीर्ण होऊन बाहेर पडतो आणि त्याची जागा दुसऱ्याला मिळते. पाच पाच वर्षांचे तीन टप्पे, म्हणजे एकूण पंधरा वर्षे, असा या केंद्राला कालावधी असतो. देशातील सर्वाधिक लठ्ठपणाच्या राज्यांत गणल्या जाणाऱ्या लुईझियानामध्ये, बॅटन रूज शहरातील पेनिंग्टन केंद्र १९८८ मध्ये उघडले. एका तेल व्यावसायिक दांपत्याने १९८० मध्ये दिलेल्या साडेबारा कोटी डॉलरच्या देणगीतून ते उभे राहिले होते. लठ्ठपणा आणि मधुमेहाच्या तरुण संशोधकांना घडवण्यासाठी अशाच योजनेचा पैसा पुढे त्या केंद्रालाही मिळाला. म्हणजे भव्य इमारत आणि उत्तम उपकरणे हाताशी असूनही तरुणांना घडवण्याचे काम आपोआप होत नाही, त्यासाठी वेगळी रक्कम आणि वेगळे नियम लागतात, हे तिथेही मान्य करावे लागले.

आपल्याकडे तरुणांसाठी काहीच नाही असे मी म्हणणार नाही. ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट आणि केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांची ‘इंडिया अलायन्स’ २००८ पासून पाच पाच वर्षांच्या अधिछात्रवृत्ती देते, परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी अधिछात्रवृत्ती आहे. मात्र या सर्व योजना एकेका हुशार व्यक्तीला निवडतात आणि मग तिला ज्या संस्थेत ती जाईल तिच्या स्वाधीन करतात. संस्थेत बसायला खोली मिळेल का, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये जागा मिळेल का, नैतिकता समितीपुढे अर्ज नेताना शेजारी कुणी बसेल का, हे नशिबावर राहते. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने नामांकित संस्थांनी काही विद्यापीठांना हाताशी धरावे अशी योजना आणली आहे आणि तिची दिशा मला योग्य वाटते. तिच्यात संस्थेने संस्थेला दिलेला हात आहे. तो एका ठरावीक तरुण माणसापर्यंत पोहोचला की नाही, हे तपासण्याची सोयही तिच्यात व्हावी.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण मार्गदर्शन म्हणजे काय हे मी तिच्यातून शिकले. मराठवाड्यातून आलेल्या एका तरुण सहकारी संशोधिकेला ऊसतोड कामगारांच्या मुलांवर काम करायचे होते. दिवाळीच्या आगेमागे घर सोडायचे, पाच-सहा महिने पालाच्या झोपडीत राहायचे, आईने पहाटे अंधारात भाकरी थापून फडावर जायचे, मुलाने दिवसभर त्या भाकरीवर आणि दुकानातल्या पाच रुपयांच्या पुड्यांवर राहायचे. या वर्षानुवर्षे न बदलणाऱ्या, दर हंगामाला येणाऱ्या फेऱ्याचा वाढत्या शरीरावर काय परिणाम होतो, हा तिचा प्रश्न होता. तो तिने स्वतःच्या गावात पाहिलेला होता. मी तिचा प्रस्ताव सहा वेळा दुरुस्त केला. भाषा सुधारता सुधारता मी त्यात यकृतातील चरबीचे मोजमाप आणले, कारण ते तंत्र माझ्या हातातले होते. मग नमुन्याचा आकार बदलला, मग गावे बदलली आणि शेवटी प्रश्नही बदलला. तज्ज्ञ समितीने तिला विचारले की हेच माप का निवडले, आणि तिच्यापाशी उत्तर नव्हते, कारण निवड तिची नव्हतीच. प्रस्ताव नाकारला गेला. पुढच्या वर्षी ती एका महाविद्यालयात शिकवायला गेली. ती चांगली शिक्षिका आहे असे मी ऐकते, परंतु तो प्रश्न त्या रूपात पुन्हा कुणी हाती घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हापासून मी दुसऱ्याच्या प्रस्तावात वाक्य लिहिण्याचे बंद केले. समासात पेन्सिलीने फक्त प्रश्न लिहिते आणि कागद परत देते. याला वेळ जास्त लागतो, कधी कधी दुप्पट, आणि मुदतीच्या आदल्या रात्री स्वतःच लिहून टाकण्याचा मोह फार होतो. पण संचालकाच्या हातचे सुबक प्रस्ताव मंजूर होत राहिले तर केंद्राला पैसा मिळतो आणि तरुण माणूस दहा वर्षांनीही साहाय्यकच राहतो.

श्रेयाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. आज ज्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा घराघरांत चालू आहे आणि जी २०२५ मध्ये आपल्या बाजारात आली, त्यांच्या मुळाशी जीएलपी-१ हे संप्रेरक आहे. त्याचे क्रियाशील रूप १९८० च्या दशकात बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ओळखणाऱ्यांत रसायनशास्त्रज्ञ स्वेतलाना मोयसोव्ह होत्या. सुरुवातीच्या पेटंटांवर त्यांचे नाव नव्हते आणि ते घालून घेण्यासाठी त्यांना दीर्घ लढा द्यावा लागला. २०२४ मध्ये याच संप्रेरकावर काम केलेल्या जोएल हॅबनर आणि लोटे नुडसेन यांच्याबरोबर त्यांना वैद्यकीय संशोधनातला लास्कर पुरस्कार मिळाला, तोवर जवळजवळ चार दशके उलटली होती. निबंधावर पहिले नाव कुणाचे, त्याविषयीच्या पत्रव्यवहाराला उत्तरदायी लेखक कोण, हे काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून ठेवण्याची सक्ती प्रत्येक केंद्रात असली पाहिजे. आमच्याकडे असा एक पानी करार आता असतो. त्यामुळे भांडणे पूर्ण थांबली नाहीत, परंतु ती कामाच्या आधी होतात आणि त्यांत धाकट्या माणसालाही बोलता येते.

आणखी एक गोष्ट तरुणांना शिकवावीच लागते, ती म्हणजे पैसा कुणाचा घ्यायचा. लठ्ठपणाच्या संशोधनात अन्नउद्योग आणि औषधउद्योग दोघेही दाराशी उभे असतात. २०१५ मध्ये अमेरिकेतील एका शास्त्रज्ञ-गटाला कोका-कोलाचे पाठबळ असल्याचे उघड झाले. लठ्ठपणाच्या चर्चेत आहारापेक्षा व्यायामाला पुढे करणारा हा गट त्याच वर्षी बंद झाला आणि कोलोरॅडो विद्यापीठाने दहा लाख डॉलर परत केले. मोठ्यांनी हिशेब चुकता केला, पण अशा गटांत नुकतेच काम सुरू केलेल्यांच्या निबंधांवरही संशयाची छाया पडते, आणि त्यांनी तो पैसा निवडलेला नसतो. म्हणून कुठला पैसा नाकारला आणि का, हे संचालकाने बैठकीत सर्वांसमोर सांगायला हवे.

यावर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप असा की ज्या देशात ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५’ नुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे, तिथे लठ्ठपणावर दीर्घ मुदतीची केंद्रे आणि माणसे पोसायची कशासाठी. हा प्रश्न विचारणारे लोक कळकळीने विचारतात आणि त्याला उत्तर द्यावे लागते. त्याच पाहणीत २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनाचे वा लठ्ठ आढळले, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख इतकी मांडली. ही दोन वेगवेगळ्या देशांची चित्रे नाहीत. पुण्याजवळच्या खेड्यांतील त्या बाळांनी हेच दाखवले की अपुऱ्या पोषणात वाढलेला गर्भ आणि पुढचा मधुमेह एकाच शरीरात असतात. कुपोषणाचा अभ्यास करणाऱ्याला आणि लठ्ठपणाचा अभ्यास करणाऱ्याला एकाच आईच्या दारात जावे लागते. नवी इंजेक्शने घेऊन वजन उतरवताना चरबीबरोबर स्नायूही घटतात, आणि ज्यांच्याकडे स्नायू जन्मतःच कमी आहेत अशा आपल्या लोकांत त्याचा परिणाम काय होईल, या प्रश्नाचे उत्तर प्रामुख्याने युरोप-अमेरिकेत झालेल्या चाचण्यांतून पूर्णपणे मिळणार नाही. ते इथल्याच कुणीतरी शोधावे लागेल आणि ती व्यक्ती आज कदाचित एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असेल.

घडवलेली मुले परदेशी जातात, मग आपण का घडवायची, असेही विचारले जाते. काही जातात. जी जातात त्यांपैकी अनेकांना परत यायचे असते, पण परतण्याच्या वयात वयोमर्यादेची अट आडवी येते. स्त्रियांच्या बाबतीत बाळंतपणाची वर्षे त्याच काळात येतात. काही योजनांनी ही अट शिथिल केली आहे, सर्वांनी करावी. शिवाय जे थांबतात त्यांच्यासाठी केंद्रात कायम स्वरूपाच्या थोड्या तरी जागा हव्यात. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, माहिती सांभाळणारा सांख्यिक आणि गावाला ओळखणारी समाजसेविका हे तिघे प्रकल्पागणिक बदलत राहिले तर नव्या संशोधकाला दर वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागते. कॅलिपर धरायला शिकवणारा हातच निघून गेलेला असतो.

अनुदानाच्या नूतनीकरणाच्या अर्जात आज आम्ही निबंधांची यादी, उद्धरणांची संख्या, उपकरणांची किंमत आणि खर्चाचा तक्ता भरतो. त्यात आणखी एका तक्त्याची सक्ती करावी अशी माझी मागणी आहे: गेल्या दहा वर्षांत या केंद्रात आलेल्या प्रत्येक तरुण संशोधकाचे नाव, तो कोणता प्रश्न घेऊन आला, त्यातून त्याचे स्वतःचे अनुदान किंवा स्वतंत्र पद उभे राहिले का, आणि आज तो कुठे आहे. जे सोडून गेले त्यांचीही नावे त्यात असावीत. मूल्यमापन समितीने त्यांतल्या कुठल्याही दहा जणांना, संचालकाला न कळवता, दूरध्वनी करावा. आमच्या केंद्राचा असा तक्ता मी गेल्या महिन्यात प्रथमच तयार केला. एकोणीस नावे आहेत, त्यांपैकी सहा जण आज स्वतःच्या प्रश्नावर स्वतःच्या नावाने काम करतात, आणि महाविद्यालयात शिकवायला गेलेल्या त्या संशोधिकेचे नाव चौथ्या ओळीत आहे. तिच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचा मूळ प्रस्ताव, मी हात लावण्यापूर्वीचा, मी तिला परत पाठवला आहे.